बागलीच्या घाटातला हॉर्न

तमाम नागरिकांस, विशेषतः ज्यांना खोकला आहे व ज्यांना डॉक्टरांनी तळलेले वर्ज्य केले आहे अशांस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, देवासच्या आमच्या चौकात काल संध्याकाळपासून गराडूची गाडी लागली आहे. सबब थंडी सुरू झाली असे समजावे. स्वेटर ज्याचे त्याने शोधावेत.

ही घोषणा करण्याचा अधिकार आमच्या घरात नानांचा. नाना म्हणजे माझे वडील. दर वर्षी गाडी दिसली की ते वर जाऊन कोट चढवून येत, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत, घसा साफ करत आणि हे निवेदन करत. मग पाठीमागे धरलेला द्रोण पुढे करत. गराडू हा कंद, त्याच्या फोडी तळून वर मसाला आणि लिंबू. द्रोणातल्या निम्म्या फोडी वाटेतच संपलेल्या असत. आता पदभार माझ्याकडे आहे. हा दुसरा हिवाळा. काल मी कोटाऐवजी शाल घेऊन दारात उभी राहिले आणि शब्दन्‌शब्द सगळं म्हटलं. आमचे हे पहिली शिफ्ट करून येऊन बसले होते. "बरं," म्हणाले. चांगला माणूस आहे, पण श्रोता म्हणून काही खरं नाही.

तळणीचा तो वास आला की मला एकच ऋतू आठवतो, दोन वर्षांपूर्वीचा पौष. गच्चीवर नानांची पावलं, काठीचा ठोका, इंग्रजीत चाललेला धीमा आवाज, आणि मग वाक्याच्या मध्यात आवाज थांबलेला. खाली मी फोडी करते आहे, सुरी हवेत, आणि पुढचा शब्द माझ्या जिभेवर.

तो शब्द मला ठाऊक असायला नको होता. सगळी गोष्ट तिथेच आहे.

नाना फ्रीमेसन होते, पन्नासाहून जास्त वर्षं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ही एक जुनी मंडळी. गवंड्याची हत्यारं समोर ठेवतात, पण भिंत बांधत नाहीत. गुण्या, पाणसळ, ओळंबा यांच्यावरून माणसानं कसं वागावं ते एकमेकांना सांगतात. काळा सूट, पांढरे हातमोजे, कमरेला पांढरा एप्रन. दार बंद, आणि दाराबाहेर तलवार घेतलेला पहारेकरी. आत जे म्हटलं जातं ते बाहेरच्याला ऐकवायचं नाही अशी शपथ. बायकांना अर्थातच प्रवेश नाही. त्यांचं लॉज महूच्या छावणीत होतं, आणि आसपासचे लोक त्या इमारतीला भूतबंगला म्हणत. लहानपणी मी मैत्रिणींना सांगायची की आमचे नाना महिन्यातून एकदा भुतांकडे जेवायला जातात. शाळेत माझा दबदबा होता तो एवढ्यावरच.

आमचे आजोबा धारच्या दरबारात कारकून. त्यांच्या घरी पाट कुठे मांडायचा, कोणाला आधी वाढायचं, कोणासमोर पगडी काढायची नाही, याचे इतके नियम होते की नाना म्हणत, "आमच्याकडे भूक लागायलासुद्धा परवानगी लागायची." त्या घरातून आलेल्या माणसाला लॉजमध्ये काय आवडलं असेल ते मला कळतं. तिथे पाणसळ होती. आत गेल्यावर सगळे एका पातळीवर, मग बाहेर कोणी जहागीरदार असो की गुरांचा डॉक्टर.

गुरांचा डॉक्टर म्हणजे नाना स्वतः. देवास, बागली, सतवास, सगळा जिल्हा त्यांनी म्हशींच्या मागे फिरून काढला. निवृत्त झाल्यावर माणसांकडे वळले. आमच्या जिन्याखालच्या खोलीत कुबड्या, वॉकर, चाकाच्या खुर्च्या, दोन लोखंडी पलंग. ज्याला लागेल त्यानं न्यावं, बरं झालं की आणून द्यावं. "डॉक्टरसाब, पलंग मिलेगा?" असा आवाज आला की नाना हातातला घास ठेवून उठत. पलंगाचं एक टोक स्वतः धरत, ऐंशी ओलांडल्यावरही. पुढे त्यांचाच गुडघा गेला तेव्हा त्यांनी त्या खोलीतून एक वॉकर घेतला आणि मला म्हणाले, "लिहून ठेव कुठेतरी. बरं वाटलं की परत करतो." मी तोंड गंभीर ठेवून लिहून ठेवलं.

लॉजचे ते तीनदा प्रमुख झाले. इथल्या महाराष्ट्र समाजाचे अध्यक्ष किती वर्षं होते ते समाजालाही आठवत नाही. आणि दोन्हीकडे त्यांनी शेवटी एकच केलं. लॉजमध्ये म्हणाले, आता मला दाराबाहेरची तलवार द्या. समाजाच्या गणपतीत म्हणाले, मी चपला सांभाळतो. माजी अध्यक्ष मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेले, आणि लोक संकोचानं चपला हातात घेऊन आत निघालेले. "ठेवा हो, ठेवा," नाना ओरडत. "माझा अनुभव दांडगा आहे, मी तलवार घेऊन उभा राहिलेला माणूस आहे." मी एकदा विचारलं, यात काय मिळतं तुम्हाला? म्हणाले, "स्टेजवरनं फक्त पहिली रांग दिसते, चिमे. इथनं कोण लंगडतंय तेही दिसतं." त्या वर्षी तीन कुबड्या मांडवातूनच गेल्या.

आता माझा गुन्हा.

त्यांच्यात वाचून काही म्हणत नाहीत. पानंच्या पानं, सगळं तोंडपाठ. आणि पाठ करायचं तर मोठ्यानं म्हणावं लागतं, पण कोणाच्या कानावर पडता कामा नये. आमच्या त्या वेळच्या दोन खोल्यांत हे जमणं शक्य नव्हतं. म्हणून नाना जीपमध्ये म्हणत. खात्याची जीप होती आणि ड्रायव्हरची जागा कायम रिकामी, त्यामुळे ते स्वतः चालवत. आई शाळेत शिकवायची. माझ्या शाळेला सुट्टी असली की मला सोबत घेत आणि मागच्या सीटवर घोंगडी टाकून देत. देवास सोडलं की विचारत, "चिमे, झोपलीस?" मी झोपलेली असे. म्हणजे मी ती भूमिका करत असे. ही माझी पहिली भूमिका, झोपलेली मुलगी. सात वर्षं चालली, एका प्रेक्षकासमोर. मी घोरत असे, मधेच कूस बदलत असे, एकदा तर झोपेत बरळूनही दाखवलं. तेव्हा मला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण म्हणून काय झालं? गाणं पाठ होतं तसं मला ते सगळं पाठ झालं, हाटपिपल्यापासून सतवासपर्यंत. अर्थ कॉलेजात गेल्यावर एकेक करून कळला, आणि प्रत्येक वेळी मी घाबरून इकडेतिकडे पाहिलं.

सतवासच्या म्हशींनाही ते सगळं माहीत होतं. पण त्या माझ्यापेक्षा भरवशाच्या.

मी कधीच कोणाला सांगितलं नाही. नानांना तर नाहीच. ज्या माणसानं दिलेला शब्द कधी मोडला नाही, त्याला कसं सांगायचं की तुमची शपथ मागच्या सीटवरून सात वर्षं गळत होती?

त्या पौषात इक्बालभाई लॉजचे प्रमुख होणार होते. धारचे, लोखंडी सामानाचं दुकान. जिन्याखालच्या खोलीतल्या प्रत्येक खुर्चीचं चाक त्यांनी एकदा तरी बसवलेलं. त्यांना लॉजमध्ये आणलं होतं नानांनी. नव्या प्रमुखाला खुर्चीवर बसवल्यावर सगळ्यांना उद्देशून एक मोठं भाषण म्हणायचं असतं, आणि इक्बालभाईंना ते नानांच्याच तोंडून हवं होतं. लॉजच्या सेक्रेटरींचा फोन आला, मीच स्पीकरवर लावला.

"काकाजी, इस बार पढ़ लेते हैं ना. उम्र हो गई, कोई कुछ नी बोलेगा."

"भिया," नाना म्हणाले, "पढ़ने को तो घर में अखबार भी आता है."

मग ते गच्चीवर गेले आणि रोज अडकू लागले. पाणसळीचा परिच्छेद कसाबसा व्हायचा. ओळंब्याच्या परिच्छेदाशी आवाज थांबायचा. पुन्हा मागे, पुन्हा सुरुवात, पुन्हा तिथेच. एकदा मी चहा घेऊन वर गेले तर कठड्याला धरून टेकडीकडे बघत उभे होते. डोळे ओले होते. थंडी फार आहे म्हणाले. ऊन चांगलं पडलेलं होतं.

"चिमे," म्हणाले, "म्हशीचं चाळीस वर्षांपूर्वीचं दुखणं आठवतं मला. हे का जातंय?"

खाली येऊन मी सुरी हातात घेतली आणि ठेवून दिली. पुढचा शब्द मला माहीत होता. जिन्यातून हाक मारून सांगितला असता तर भाषण वाचलं असतं, आणि नाना? न सांगावा तर इक्बालभाईंच्या समोर, सगळ्या हातमोज्यांच्या समोर, त्यांचा आवाज असाच थांबणार. मी दोन दिवस भाजीत मीठ घालायला विसरत होते.

मग माझ्या लक्षात आलं की हरवलाय तो रस्ता. नाना शब्द कधी पाठ करतच नव्हते, ते वाटेवर ठेवत होते. पाणसळ हाटपिपल्याच्या अलीकडच्या रपटीवर, म्हणजे पावसाळ्यात वरून पाणी जातं त्या ठेंगण्या पुलावर. ओळंबा बागलीपुढच्या घाटात, जिथे खाली सगळं रान दिसतं आणि नाना वळणावर न चुकता एक लांब, दोन आखूड असा हॉर्न देत. गच्चीवर ना रपट होती ना घाट.

"नाना, सतवासला जाऊन यायचं का? उंब्या खायला."

"गाडी कोण चालवणार?"

"मी."

 नाना आत गेले आणि औषधांच्या डब्यातून कापूस घेऊन आले. "कानात घाल. मला वाटेत जरा काम आहे."

तर मंडळी, असं दृश्य. पौषातली सकाळ, दोन्ही कानांत कापसाचे बोळे, चेहरा परीक्षेच्या हॉलमधल्या सुपरवायझरसारखा, आणि शेजारी काळा कोट घालून बसलेले नाना. दोन्हीकडे गहू कोवळ्या उंब्यांवर आलेला, हरभऱ्याच्या शेतांवर दव, आणि आमच्या छोट्या गाडीत ती जुनी इंग्रजी वाक्यं. कापसानं काहीच अडत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी ते सगळं उघड्या डोळ्यांनी ऐकत होते, आणि घोरायची सोय नव्हती.

हाटपिपल्याच्या अलीकडे नवा रस्ता वळसा घालून जातो. नाना पाणसळीपाशी आले आणि त्यांचा आवाज चाचपडायला लागला. मी कसलाही विचार न करता गाडी जुन्या रस्त्याला घातली. खड्ड्यांतून धडधडत रपटीवर आलो, आणि पाणसळीचा परिच्छेद नानांच्या तोंडून असा आला की जणू पुलाखाली त्यांची वाट बघत बसला होता. मी समोर बघत होते. "नव्या रस्त्याला काम चाललंय," मी उगाच मोठ्यानं म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं.

बागली मागे टाकलं. घाट लागला. खाली सागाचं रान, पानं गळायला आलेली. नाना ओळंब्याशी पोचले आणि थांबले. पहिलं वळण आलं. अगदी हळू, स्वतःशीच पुटपुटावं तसं ते म्हणाले, "हॉर्न."

मी दिला. एक लांब, दोन आखूड.

पुढचा परिच्छेद धबधब्यासारखा आला. ओळंबा सरळ लोंबतो तो कोणी बघतंय म्हणून नव्हे, अशा अर्थाचं काहीतरी. याहून जास्त मी सांगणार नाही, मला माझ्या कापसाची शपथ आहे. परिच्छेद संपला. तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. कानात कापूस असलेल्या बाईनं पुटपुटणं ऐकलं होतं. आणि किती लांब, किती आखूड, ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली रानाकडे पाहिलं. सतवासला त्यांच्या जुन्या ओळखीच्या शेतावर आम्ही शेकोटीत भाजलेल्या उंब्या खाल्ल्या, तळहातावर चोळून, फुंकून. ते म्हशींच्या गोष्टी सांगत होते. येताना झोपले, खरोखरचे.

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर आवाज बंद. एक दिवस, चार दिवस, दहा दिवस. नाना पेपर वाचत, जिन्याखाली कुबड्यांचे रबर तपासत, माझ्याशी नेहमीसारखं बोलत, आणि त्या भाषणाचा एक शब्द नाही. मला वाटलं, संपलं. पन्नास वर्षांची शपथ मी घाटात उताणी केली. आता ते जाणार नाहीत, आणि का जाणार नाहीत ते कोणाला सांगणारही नाहीत. इक्बालभाई धारहून भेटायला आले. बाहेरच्या खोलीत दोघं बसले होते. मी पोहे घेऊन गेले तेव्हा इक्बालभाई म्हणत होते, "डॉक्टरसाब, आप नी बोलोगे तो मेरे को कुर्सी पे नी बैठना. सीधी बात."

"बैठना तो पड़ेगा," नाना म्हणाले. "हम आएँगे. चिमी गाड़ी चलाएगी."

समारंभाच्या दिवशी दुपारी मी त्यांना छावणीत नेलं. हातमोजे मीच चढवले, बोटं आता वाकत नव्हती. दाराशी वर्माजी तलवार घेऊन उभे, नानांच्यानंतर ती जागा त्यांच्याकडे आली होती. घरच्या मंडळींनी संध्याकाळी जेवायला यायचं होतं, मी एकटीच लवकर. वर्माजींनी खुर्ची लांब, आवारातल्या कडुलिंबाखाली टाकून दिली. "बिटिया, इससे आगे नी आना. ड्यूटी है." गाडी तिथेच उभी होती.

नाना वॉकर दाराबाहेर ठेवून आत गेले. इक्बालभाईंनी त्यांना धरलं होतं. दार लागलं.

त्या इमारतीला उंचावर झरोके आहेत. शब्द येत नव्हते, पण आवाजाचे चढउतार येत होते, आणि मला तेवढे पुरे होते. बराच वेळ इतरांचे आवाज. मग नाना. देवास सुटलं. हाटपिपल्या आलं. रपट गेली, अगदी अलगद. मी खुर्चीच्या कडेवर आले होते. चापडा, बागली. घाट.

आवाज थांबला.

कडुलिंबावर एक पोपट बोलत होता, त्याचा मला अतोनात राग आला. मी श्वास मोजले. वर्माजींनी तलवार एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, तेही ऐकत होते. त्या बंद दाराआड काय उभं आहे ते मला दिसत होतं. ज्यानं कोणाच्या पलंगाचं टोक सोडलं नाही तो माणूस, दोन पांढऱ्या हातमोज्यांत, रिकामा. आणि इथे मी, जिला आत यायची परवानगी नाही आणि सगळं पाठ आहे. हॉर्न दिला तर ते समजणार की मला माहीत आहे, शंकेला जागाच उरणार नाही. मी उठले. गाडीचं दार उघडलं. बसायलाही थांबले नाही, उभ्याउभ्याच आत हात घातला.

एक लांब, दोन आखूड.

"अरे बिटिया," वर्माजी तलवारीसकट धावले. आणि झरोक्यातून नानांचा आवाज आला. वळण घेऊन, उतारावर लागलेला, सतवासपर्यंत कुठे म्हणून न थांबणारा.

पुढच्याच श्रावणात नाना गेले, दुपारी, झोपेत. लॉजची माणसं पांढरे हातमोजे घालून आली. इक्बालभाईंनी नानांचा एप्रन त्यांच्या छातीवर ठेवला. मग एकेक जण पुढे आला आणि एकेक हिरवी डहाळी ठेवत गेला, तो त्यांचा रिवाज आहे. समाजाची माणसं दाराशी चपला काढत होती आणि काढताना दाराशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. पुढचे तेरा दिवस लोक येऊन कुबड्या आणून देत होते, ज्यांना अजून लागत होत्या तेसुद्धा. मी परत पाठवल्या. नानांचा वॉकर मीच पुसून जिन्याखाली ठेवला आणि कुठेतरी लिहिलेलं होतं त्यावर रेघ मारली. आता तो बस स्टँडजवळच्या एका बाईंकडे आहे.

पण मला तिथे थांबायचं नाही. गराडूच्या वासाबरोबर मी परत त्याच संध्याकाळी जाते. लॉजच्या आवारात टेबलं लागलेली, बायका-मुलं आलेली, पुलावाची वाफ, आणि नाना एप्रन काढून माझ्या शेजारी जेवायला बसलेले. परतताना गाडीत काय बोलायचं याची मी मनात तालीम करत होते. माफी कशी मागतात, कोणत्या परिच्छेदापासून.

"डॉक्टरसाब ने बीच में जो पॉज दिया ना," इक्बालभाई सगळ्यांना सांगत होते, "मेरे तो रोंगटे खड़े हो गए."

"उसी टाइम बाहर कोई गधा हॉर्न बजा रहा था," सेक्रेटरी म्हणाले. "वर्माजी, आप कर क्या रहे थे?"

वर्माजींनी ताटात मान घातली. मीही घातली. नानांचा घास तोंडाशी होता. तो त्यांनी परत ताटात ठेवला, आणि सगळं टेबल ऐकेल अशा आवाजात म्हणाले, "हॉर्न उशिरा दिलास, चिमे. जीपमध्ये खोटं घोरायचीस, तेव्हाही आधी माझं म्हणणं सुरू व्हायचं, मग तुझं घोरणं."